वाचकांचे प्रश्न : मुलाम्याचे सोने आणि घरातले तेजाब

एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याच्या भावाने एक लाख रुपयांचा टप्पा गाठला आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत जुन्या संगणकांतील सोन्याविषयीची विचारणा वाढत गेली. बहुतेक पत्रलेखकांनी चित्रफिती पाहिलेल्या आहेत. कोणीतरी हिरव्या पाट्यांच्या सोनेरी कडा कापतो, त्या कशात तरी भिजत घालतो आणि अखेरीस मुशीच्या तळाशी एक पिवळा मणी चमकतो. मधल्या टप्प्यांत काय घडते, किती हाती लागते आणि काय मागे उरते हे मात्र त्या चित्रफितींत फारसे दिसत नाही. निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. ती एकमेकांत गुंतलेली असल्याने क्रमाने वाचावीत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे इचलकरंजीत संगणक दुरुस्तीचे दुकान आहे. बदललेल्या रॅमच्या पट्ट्या, नेटवर्क कार्डे आणि जुने मदरबोर्ड पोत्यांत साठवून ठेवले आहेत. भंगारवाला वजनावर जो भाव सांगतो तो मला फारच कमी वाटतो. एका रॅमच्या पट्टीत सोने असते तरी किती? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : आम्लाच्या बाटलीला हात लावण्यापूर्वी जो प्रश्न विचारायला हवा तो आपण विचारला आहे, आणि त्याचे उत्तर कागद-पेन्सिलीने काढता येते. सोन्याची घनता दर घन सेंटिमीटरला १९.३ ग्रॅम आहे. म्हणून एक चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावर एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या जाडीचा थर असेल, तर त्यात १.९३ मिलिग्रॅम सोने असते. हा एवढा आकडा लक्षात ठेवला की पोत्यातल्या कोणत्याही वस्तूचा अंदाज बांधता येतो, कारण मुलाम्याच्या मालात वजनाला काही अर्थ नसतो. क्षेत्रफळ आणि जाडी या दोनच गोष्टी मोजायच्या असतात.

डीडीआर-३ जातीची पट्टी घ्या. तिच्या कडेला दोन्ही बाजू मिळून २४० सोनेरी पट्टे असतात, ज्यांना भंगाराच्या बाजारात फिंगर म्हणतात. एका फिंगरचे क्षेत्रफळ सुमारे दोन चौरस मिलिमीटर धरले, तर सगळे मिळून ४८० चौरस मिलिमीटर, म्हणजे ४.८ चौरस सेंटिमीटर होतात. वारंवार काढ-घाल सोसावी म्हणून अशा कडांवर विजेच्या साहाय्याने कठीण सोन्याचा थर चढवतात. त्या सोन्यात किंचित कोबाल्ट किंवा निकेल असते, आणि चांगल्या प्रतीच्या कामात थराची जाडी पाऊण मायक्रॉनच्या आसपास असते. या हिशेबाने एका पट्टीत सुमारे सात मिलिग्रॅम सोने निघते. दर मिलिग्रॅमला दहा रुपये हा सोपा भाव धरला (आजचा भाव आपण घालावा), तर सात मिलिग्रॅमचे सत्तर रुपये होतात, आणि एक ग्रॅम सोन्यासाठी अशा सुमारे १४३ पट्ट्या लागतात. पण उत्पादकाने खर्च वाचवून थर केवळ ०.१ मायक्रॉनचा ठेवला असेल, तर तीच पट्टी एक मिलिग्रॅमसुद्धा देत नाही आणि ग्रॅमभर सोन्यासाठी हजाराहून अधिक पट्ट्या मोडाव्या लागतात. डोळ्यांना दोन्ही सारख्याच पिवळ्या दिसतात.

मदरबोर्डवर जागोजागी जे सोनेरी ठिपके दिसतात त्यांचा थर तर बहुधा ०.०५ ते ०.१ मायक्रॉन इतकाच असतो. तेथे सोन्याचे काम फक्त खालच्या निकेलला गंज लागू न देणे आणि डाख नीट बसू देणे एवढेच असते. रॅम चालेनाशी झाली की तिच्या कडा खोडरबराने घासण्याची युक्ती आपल्या व्यवसायात सर्वांना ठाऊक आहे. तेच खोडरबर येथे जाडी ओळखायला उपयोगी पडते. कठीण सोन्याचा जाड थर दोन-चार वेळा घासून हलत नाही, तर पातळ थराखालचा करडा निकेल लवकरच डोकावू लागतो. ही चाचणी ढोबळ आहे, पण ढीग वेगळे करण्यापुरती पुरेशी आहे.

लोहचुंबकही जवळ ठेवावे. पिवळ्या दिसणाऱ्या ज्या पिना चुंबकाला चिकटतात त्यांच्या आत लोखंड असते, आणि अशा स्वस्त पिनांवर सोने नावापुरतेच असते. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. दूरध्वनी केंद्रांतील आणि लष्करी उपकरणांतील जुन्या सिरॅमिक चकत्यांचे (चिपांचे) पाय कोव्हार नावाच्या लोह-निकेल-कोबाल्टच्या मिश्रधातूचे असतात. ते चुंबकाला चिकटतात आणि तरीही त्यांच्यावरचा मुलामा जाड असतो. तसेच जुन्या चकत्यांच्या पोटात सिलिकॉनपासून पायांपर्यंत नेलेल्या सोन्याच्या तारा असतात. पंचवीस मायक्रॉन व्यासाची आणि तीन मिलिमीटर लांबीची अशी एक तार सुमारे २८ मायक्रोग्रॅम भरते, म्हणजे शंभर तारांत पावणेतीन मिलिग्रॅम सोने आले. सोने महागले तसे अनेक कारखान्यांनी तेथे तांब्याच्या तारा वापरायला सुरुवात केली, म्हणून या बाबतीत जितका माल जुना तितकी आशा जास्त.

आमचा सल्ला असा की माल मोडू नये, निवडावा. चालू स्थितीतील रॅम सोन्यासाठी कापणे हा उघड तोटा आहे. १९९५ साली बाजारात आलेल्या इंटेलच्या पेंटियम प्रोसारखे सिरॅमिक प्रोसेसर संग्राहक विकत घेतात, आणि अखंड वस्तूला ते देतात तो भाव आतल्या सोन्याहून सरस ठरू शकतो. उरलेल्या मालाचे रॅम, कार्डे, प्रोसेसर आणि मदरबोर्ड असे चार ढीग करून प्रत्येकाचा वेगळा भाव दोन-तीन नोंदणीकृत पुनर्वापर उद्योगांकडे विचारावा. सरमिसळ पोत्याला भाव नेहमी त्यातल्या सर्वांत हलक्या मालाचा मिळतो, आणि आपल्याला जो भाव कमी वाटतो त्याचे मुख्य कारण बहुधा तेच असावे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे. सोने एकेकट्या आम्लाला दाद देत नाही, पण आम्लराजात विरघळते, हे आम्ही मुलांना सांगत होतो. मग हे छंदिष्ट लोक पाट्यांच्या कडा हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेरॉक्साइडमध्ये का बुडवतात? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कारण त्या टप्प्यावर त्यांना सोने विरघळवायचेच नसते. सोन्याखालचे तांबे आणि निकेल विरघळवून सोने मोकळे करायचे असते.

आधी आम्लराजाविषयी. तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्लाच्या या मिश्रणात दोघांनी काम वाटून घेतलेले असते. नायट्रिक आम्ल सोन्याच्या अत्यल्प अणूंचे ऑक्सिडीकरण करून त्यांना द्रावणात ढकलते. एकटे असते तर ते तेथेच अडकले असते. पण द्रावणातील क्लोराइड आयन त्या सोन्याला लगेच जखडून त्याचे टेट्राक्लोरोऑरेट बनवतात, त्यामुळे द्रावणात मोकळे सोने जवळजवळ राहतच नाही आणि पुढचे सोने विरघळत जाते. १९४० साली जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये शिरले तेव्हा नील्स बोर यांच्या संस्थेत रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज द हेवेशी यांनी, सैनिकांच्या हाती लागू नयेत म्हणून, माक्स फोन लाउए आणि जेम्स फ्रांक या दोन जर्मन भौतिकशास्त्रज्ञांची नोबेल पदके याच मिश्रणात विरघळवली आणि ते द्रावण फडताळावर ठेवून दिले. युद्धानंतर ते तसेच सापडले, त्यातून सोने परत काढण्यात आले आणि त्याची पदके पुन्हा पाडण्यात आली. वर्गात सांगायला याहून चांगले उदाहरण नसेल.

आता मुलाम्याचा माल तसाच आम्लराजात टाकला तर काय होते ते पाहा. आत तांब्याचा डोंगर आणि वर सोन्याची झिलई अशी स्थिती असते. आम्लाचा बहुतेक जोर तांब्यावर खर्च होतो, आणि थोडे सोने विरघळले तरी जोवर तांब्याचा एक तुकडाही शिल्लक असतो तोवर ते सोने द्रावणातून निघून पुन्हा त्या तांब्यावर काळपट गाळाच्या रूपात बसते. विद्युत-रासायनिक श्रेणीत तांबे सोन्याच्या बरेच वर सक्रिय असल्यामुळे दुसरे काही होणे शक्य नाही. म्हणून खालचा धातू आधी काढायचा.

हायड्रोक्लोरिक आम्लात थोडे पेरॉक्साइड घातले की तांब्याचा काही अंश विरघळून क्युप्रिक क्लोराइड तयार होते, आणि पुढचे काम मुख्यतः तेच करते. ते धातुरूप तांब्याशी संयोग पावून क्युप्रस क्लोराइड बनते, हवेतील ऑक्सिजन त्याला आम्लाच्या सान्निध्यात पुन्हा क्युप्रिक करतो आणि चक्र फिरत राहते. सर्किटच्या पाट्या घरी कोरणारे विद्यार्थी फेरिक क्लोराइड वापरतात, त्याच्याच जातीची ही क्रिया आहे. द्रावण आधी हिरवे असते, क्युप्रसचे प्रमाण वाढले की ते गडद तपकिरी होते आणि हवा मिळाली की पुन्हा हिरव्यावर येते. काही दिवसांनी फिंगरच्या कडा उचलल्या जातात आणि सोन्याचे पापुद्रे सुटून तरंगू लागतात. त्यांचा मूळ लांबट चौकोनी आकार तसाच राहतो, खाली मात्र हिरवी पाटी उघडी पडलेली असते. हे दृश्य खरोखर देखणे आहे, आणि या छंदाचे वेड लागते ते येथेच.

पुढे हे पापुद्रे धुऊन विरघळवले जातात. सोने द्रावणात उतरले की नाही हे स्टॅनस क्लोराइडच्या थेंबाने कळते. सोने असेल तर जांभळा रंग उमटतो, ज्याला सतराव्या शतकातील आंद्रेआस कॅसियस यांच्या नावाने ओळखले जाते. मग सोने खाली बसवण्यासाठी आपल्या ओळखीचे हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, उपयोगी पडते. लोह दोनाचे तीन संयुजेवर जाते आणि सोने धातुरूपात अवक्षेपित होते. खाली बसलेली ही पूड मातकट तपकिरी असते, आणि सोने म्हणून तिच्यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही. गाळ समजून ती ओतून देणारे नवशिके या छंदात जुने आहेत. टाकणखार घालून मुशीत १०६४ अंश सेल्सिअसच्या वर नेली की तिचा पिवळा मणी होतो. द्रावणात नायट्रिक आम्ल शिल्लक राहिले असेल, तर ते आधी हिराकसच खाऊन टाकते आणि बसलेले सोने पुन्हा विरघळवते. त्यामुळे मापे पाळूनही सोने का बसत नाही, असे विचारणाऱ्यांच्या अडचणीचे मूळ बहुधा येथे असते.

आणखी एक गोष्ट. दर वेळी गाळताना, ओतताना आणि धुताना काही मिलिग्रॅम कागदाला व भांड्याला चिकटतात. ज्याच्याकडे एकूण पन्नास मिलिग्रॅम सोने आहे त्याच्या हिश्शात ही गळती फार मोठी असते. मोठा कारखाना तीच गळती सहज सोसतो, आणि गाळणीचे कागदसुद्धा जाळून त्यातले सोने परत मिळवतो.

प्रश्न : टोकियो ऑलिंपिकची पदके लोकांनी दिलेल्या जुन्या मोबाइलमधून बनवली असे वाचले. मग मोबाइलमधील सोने घरी काढणे परवडणारच ना? (एक विद्यार्थी, अकोला)

उत्तर : त्याच प्रकल्पाचे आकडे पाहिले तर उलट निष्कर्ष निघतो. जपानने ७८,९८५ टन लहान उपकरणे आणि ६२ लाखांहून अधिक मोबाइल गोळा केले, आणि त्यांतून ३२ किलो सोने मिळाले. टनाला भागिले तर साधारण ०.४ ग्रॅम येते, कारण त्या ढिगात मोबाइल थोडे आणि इतर घरगुती उपकरणे फार होती. निव्वळ मोबाइलचा टन घेतला तर तो सोन्याच्या खाणीतील खनिजापेक्षा कितीतरी श्रीमंत असतो हे खरे आहे, पण एका टनात हजारो मोबाइल येतात आणि आपल्या खणात त्यांतले तीन किंवा चार असतात. शिवाय सुवर्णपदक म्हणजे चांदीवर किमान सहा ग्रॅम सोन्याचा मुलामा असतो, हेही लक्षात असू द्यावे.

प्रश्न : ठाण्यात सदनिकेत राहते. माझा मुलगा अभियांत्रिकीला असून त्याला बाल्कनीत हा प्रयोग करायचा आहे. तो म्हणतो की हातमोजे, चष्मा आणि पंखा असला की धोका नाही. आपले मत काय? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : आमचे मत स्पष्ट नकाराचे आहे, आणि त्याला आधार आकड्यांचा आहे.

तीव्र नायट्रिक आम्लात तांबे विरघळताना दर अणूमागे नायट्रोजन डायऑक्साइडचे दोन रेणू सुटतात. हिशेब केला तर एक किलो तांब्याला सुमारे चार लिटर तीव्र आम्ल लागते आणि साधारण ७५० लिटर तांबूस वायू बाहेर पडतो. एवढे कोणी घरी करत नाही असे आपला मुलगा म्हणेल. मग दहाच ग्रॅम तांबे घेऊ. त्यातून साडेसात लिटर वायू निघतो. दहा बाय दहा फुटांच्या आणि नऊ फूट उंच खोलीत तो पसरला तर हवेच्या दहा लाख भागांत त्याचे जवळजवळ तीनशे भाग होतात. शंभर भागांच्या हवेत थोडा वेळ श्वास घेतला तरी फुप्फुसांना गंभीर इजा होऊ शकते. या वायूचा दगा असा की सुरुवातीला थोडा खोकला व घशात जळजळ होऊन माणसाला बरे वाटू लागते, आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसांत पाणी भरू लागते. म्हणून ज्याच्या श्वासात तांबूस धूर गेला असेल त्याने बरे वाटत असले तरी रुग्णालयात जाऊन नेमके काय हुंगले गेले ते डॉक्टरांना सांगावे. पंख्याने हा वायू नाहीसा होत नाही. तो शेजारच्या घरात जातो. साधा कापडी किंवा शस्त्रक्रियेचा मास्क वायू अडवत नाही.

नायट्रिक टाळून हायड्रोक्लोरिक आम्लात घरातले ब्लीच घालण्याची पद्धतही प्रचलित आहे. त्यातून क्लोरीन सुटतो, तेव्हा एक विषारी वायू टाळून दुसरा घरात आणल्यासारखे होते. पाट्या जाळून प्लास्टिक घालवणे याहूनही वाईट, कारण त्यांतील ब्रोमीनयुक्त अग्निरोधकांपासून डायॉक्सिन आणि फ्युरान तयार होतात, आणि जुन्या पाट्यांच्या डाखात शिसे असते. उत्तर प्रदेशात मुरादाबादजवळ रामगंगेच्या काठी पाट्या जाळण्याचे आणि आम्लात धुण्याचे काम वर्षानुवर्षे उघड्यावर चालले, आणि ते करणारी कुटुंबेच त्या राखेत राहत होती. काही स्प्रिंगसारख्या जोडण्यांत बेरिलियम मिसळलेले तांबे असते, त्यामुळे त्या ग्राइंडरने घासू नयेत. सोन्याच्या द्रावणातील आम्ल मारण्यासाठी त्यात अमोनिया घालू नये. त्यातून तयार होणारा पदार्थ वाळल्यावर किरकोळ धक्क्यानेही स्फोट पावतो, आणि युरोपातील किमयागारांना ही गोष्ट काही शतकांपूर्वीच कळली होती.

कायद्याची बाजू थोडक्यात. जुलै २०१३ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आम्ल विकत घेणाऱ्याला छायाचित्र असलेले ओळखपत्र आणि खरेदीचे कारण द्यावे लागते, आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीला ते विकता येत नाही. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून पुनर्वापराचा उद्योग केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असल्याशिवाय करता येत नाही. मुलाने आज हौस म्हणून चार पट्ट्या घेतल्या आणि उद्या मित्रांकडून पोते विकत घेतले, तर हौस आणि धंदा यांतली रेषा त्याने कधी ओलांडली हे त्यालाही कळणार नाही.

मुलाची जिज्ञासा मारू नये असे मात्र आम्हाला मनापासून वाटते. माल निवडणे, मुलाम्याचे क्षेत्रफळ मोजणे, खोडरबर व चुंबकाने परीक्षा करणे आणि नोंदवही ठेवणे ही कोरडी कामे घरी खुशाल करावीत. द्रावणाचे काम महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, वायू ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडखाली आणि शिक्षकांच्या देखरेखीत करता येईल. शिवाय तेथे आधी मोजलेल्या आणि नंतर मिळालेल्या सोन्याची तुलना करून एक चांगला प्रकल्प-अहवालही लिहिता येईल. बाल्कनीत तो होणार नाही.

प्रश्न : मी विट्याजवळच्या एका गावचा. आमच्याकडे घरटी एखादा तरी गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यात असतो. माझे काका तमिळनाडूत आहेत. भंगारातून निघालेले सोने गलाईवाल्यांकडे देता येईल का, आणि आमच्या मुलांनी या कामात उतरावे का? (एक वाचक, ता. खानापूर, जि. सांगली)

उत्तर : खानापूर आणि आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतील माणसांनी देशभरातल्या सराफ बाजारांत गलाईच्या भट्ट्या उभ्या केल्या. ते कसब या प्रश्नाशी थेट संबंधित आहे, पण चित्रफितींवरून वाटते त्या ठिकाणी त्याचा उपयोग नाही.

गलाईला येणारी मोड, म्हणजे मोडीत काढलेले जुने दागिने, बहुधा अठरा ते बावीस कॅरेटची असते, म्हणजे शंभरात पंचाहत्तर ते ब्याण्णव भाग सोनेच. तिच्यात सोन्याच्या तिप्पट चांदी मिसळून, पातळ करून, नायट्रिक आम्लात चांदी व तांबे काढून टाकले की शुद्ध सोने मागे राहते. याउलट एक पितळी पिन घ्या, ०.६४ मिलिमीटर चौरस आणि ११ मिलिमीटर लांब. तिच्यावर सगळीकडे पाव मायक्रॉनचा मुलामा असला तरी तिच्या सुमारे ३८ मिलिग्रॅम वजनात सोने ०.१४ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे हजारात साडेतीन-चार भाग असते. प्रत्यक्षात अनेक पिनांचे फक्त टोकच सोनेरी असते. असा माल मुशीत वितळवणे म्हणजे थोडेसे सोने पुष्कळ पितळात हरवून टाकणे होय. भंगाराच्या कामाचे खरे नाते गलाईपेक्षा झारेकऱ्यांशी आहे, जे सराफ कट्ट्यावरची झाडलोट धुऊन त्यातले कण मिळवत. माल हलका, ढीग मोठा आणि धुण्याचे पाणी फार, ही त्या कामाची लक्षणे येथेही जशीच्या तशी लागू पडतात.

प्रयोगशाळेत मिळालेली तपकिरी पूड मात्र आपल्या काकांकडे नक्की नेता येईल. तिचा मणी करून टंच (शुद्धतेचे प्रमाण) काढणे हे त्यांचे रोजचे काम आहे. एक सावधगिरी सांगावीशी वाटते. आजकाल टंच क्ष-किरणांच्या यंत्रावर काढतात आणि ते यंत्र पृष्ठभागाजवळच्या मोजक्या मायक्रॉनांचाच अंदाज घेते. मुलाम्याची पिन त्यावर ठेवून जो टंच दिसेल तो पिनेच्या सगळ्या वजनाला लावला, तर हिशेब अनेक पटींनी चुकतो. या चुकीचा फायदा घेऊन ‘सोन्याच्या पिना’ किलोवर विकणारे लोक बाजारात असतात. एकजीव मणी झाल्याशिवाय टंचावर विश्वास ठेवू नये.

मुलांनी या कामात उतरावे का, या प्रश्नाला आमचे उत्तर अर्धे होकाराचे आहे. नोंदणीकृत पुनर्वापर उद्योगांत पाट्या फोडण्याची व धातू वेगळे करण्याची यंत्रे असतात. पण अखेरच्या टप्प्यातील अशुद्ध सोने ९९.९ पर्यंत नेण्यासाठी आणि मिलिग्रॅमचा हिशेब ठेवण्यासाठी जाणता हात लागतो. तो हात आपल्या तालुक्यात आहे. त्या टप्प्यावर अशा उद्योगांशी जोडून घेणे शहाणपणाचे ठरेल. गावातल्या परसात पाट्या धुऊ नयेत. मुळात पाण्याची टंचाई असलेल्या भागात निकेलचे पाणी विहिरीपर्यंत पोहोचले तर ते परत काढता येत नाही.

प्रश्न : आपले उत्तर येईपर्यंत उशीर झाला आहे. मी प्रयोग करून बसलो आणि आता बाल्कनीत थंड पेयाच्या दोन बाटल्या हिरव्या पाण्याने भरलेल्या आहेत. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेरॉक्साइड एवढेच वापरले होते. हे मोरीत ओतावे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ओतू नये. त्यात तांबे आणि निकेल आहे, आणि सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणू या दोन्हींनी मरतात.

सर्वांत आधी त्या बाटल्या बदलाव्यात. थंड पेयाच्या बाटलीतले रंगीत पाणी कोणीही तोंडाला लावू शकते. जाड प्लास्टिकच्या, रुंद तोंडाच्या बरणीत ते काढावे, झाकण सैल ठेवावे (पेरॉक्साइडमुळे आत वायू साठतो) आणि बरणी ब्लीच, फिनेल, लोखंडी कपाट आणि मुलांचे हात या सर्वांपासून दूर ठेवावी. आपण हायड्रोक्लोरिक आणि पेरॉक्साइडच वापरल्याचे लिहिले आहे म्हणून पुढचे सांगत आहोत. ज्यांनी नायट्रिक आम्ल वापरले आहे त्यांनी यातले काहीही न करता बरणी आहे तशी प्रयोगशाळेकडे द्यावी, आणि ज्यांनी सायनाइडचा प्रयोग केला असेल त्यांनी त्यात आम्लाचा थेंबही जाऊ देऊ नये.

रसायनशास्त्राच्या शिक्षकाला सोबत घेऊन हे काम उघड्या जागी, थोडे थोडे करावे. आधी द्रावणात स्वच्छ तांब्याची पट्टी एक-दोन दिवस बुडवून ठेवावी, म्हणजे चुकून उतरलेले सोने तिच्यावर काळे बसेल. मग जुने खिळे किंवा लोखंडाचे तुकडे टाकावेत. लोखंड विरघळत जाते आणि तांबे लालसर चिखलासारखे खाली बसते. या वेळी हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, म्हणून आसपास काडी ओढू नये. नव्या खिळ्यावर लाली चढेनाशी झाली की तांबे संपले. वरचे पाणी वेगळे काढून त्यात पाण्यात कालवलेला चुना ढवळत घालावा आणि पीएच कागदावर नऊ ते दहा दिसू लागले की थांबावे. लोह आणि निकेल यांचा हिरवट-तपकिरी साका एका रात्रीत खाली बसतो. वर उरलेल्या निवळ पाण्यात मुख्यतः कॅल्शियम क्लोराइड असते, आणि खिळ्यांवर बसलेले तांबे भंगारात देता येते.

साका गाळून वाळवावा, पण तो कुंडीत, ओल्या कचऱ्यात किंवा सोसायटीच्या खड्ड्यात जाऊ देऊ नये. घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारी केंद्रे महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे आहेत. ती घरगुती बरणी घ्यायला दारात येत नाहीत, पण मुलामा देणाऱ्या कारखान्यांत नेमका हाच साका रोज तयार होतो आणि तो त्यांना अशा केंद्रांकडेच पाठवावा लागतो. आपल्या ओळखीचा असा एखादा कारखानदार किंवा जवळच्या महाविद्यालयाचा रसायनशास्त्र विभाग आपली बरणी त्यांच्या मालाबरोबर पाठवू शकेल का, ते विचारावे. बरणीवर ‘निकेल-लोह हायड्रॉक्साइड, घातक’ असे मोठ्या अक्षरांत लिहून खाली तारीख आणि वजन घालावे, म्हणजे घेणाऱ्याला ती उघडून पाहावी लागणार नाही.